गर्भधारणेपूर्वी रुबेलाची तपासणी आणि लस : कोणती पायरी आधी, कोणती नंतर

रुबेला या विषाणूजन्य आजाराच्या तपासणीचा कागद बहुतेक स्त्रियांच्या हाती पडतो तो पाळी चुकल्यानंतर, गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत लिहून दिलेल्या रक्ततपासण्यांच्या यादीतली एक ओळ म्हणून. त्या वेळी ‘प्रतिकारशक्ती नाही’ असा अहवाल आला, तर करण्यासारखे फारसे काही हाती उरत नाही, कारण रुबेलाची लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची असते आणि ती गरोदर स्त्रीला देत नाहीत. हीच तपासणी तीन महिने आधी झाली असती, तर एका इंजेक्शनात प्रश्न मिटला असता. माहितीच्या अभावापेक्षाही क्रम चुकल्यामुळे ही संधी हुकते, म्हणून हा लेख फक्त क्रमाविषयी आहे.

मोठ्या माणसाला रुबेला झाला, तर थोडा ताप, अंगावर फिकट पुरळ, कानामागच्या आणि मानेच्या गाठी सुजणे, एवढ्यावर तो बरा होतो. जवळजवळ निम्म्या जणांमध्ये तर लक्षणे दिसतही नाहीत. परंतु गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला हा संसर्ग झाला, तर गर्भाला इजा होण्याची शक्यता ८५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि ती इजा म्हणजे जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातील दोष किंवा मेंदूची अपुरी वाढ. २० आठवड्यांनंतर हा धोका फार कमी होतो. म्हणजे सर्वांत जोखमीचे दिवस नेमके तेच, ज्यांतल्या पहिल्या काही आठवड्यांत दिवस गेल्याचे स्त्रीला स्वतःलाही ठाऊक नसते.

किती आधी सुरुवात करावी? नोंदी शोधणे, तपासणी, लस आणि त्यानंतरचे २८ दिवस यांचा हिशेब केला, तर दीड ते दोन महिने लागतात. मूल हवे असे ठरवल्यानंतर प्रयत्न सुरू करण्याच्या तीन महिने आधी पहिली पायरी चढावी. लग्न ठरलेल्या मुलीने साखरपुड्यानंतर लगेच हे काम उरकले, तर पुढे कोणतीही घाई करावी लागत नाही.

## १. जुन्या नोंदी शोधा आणि त्या नीट वाचा

तपासणीपूर्वी घरातली कपाटे उघडावीत. लहानपणीचे लसीकरण कार्ड आईकडे किंवा माहेरच्या कागदांच्या पिशवीत बहुधा सापडते. ते हाती आल्यावर सर्वांत जास्त चूक होते ती ‘गोवर’ या शब्दापाशी.

नवव्या महिन्यात दिलेली ‘गोवर’ लस ही रुबेलाची लस नव्हे. सरकारी कार्यक्रमात पूर्वी बाळांना केवळ गोवराची लस मिळत असे. गोवर-रुबेला (एमआर) ही एकत्र लस नंतर आली. महाराष्ट्रात तिची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि ती ९ महिने ते १५ वर्षे या वयोगटासाठी होती. गोव्यात तीच मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. याचा सरळ अर्थ असा की, मोहिमेच्या वेळी जिचे वय पंधरा वर्षांच्या पुढे गेले होते, त्या मुलीला सरकारी कार्यक्रमातून रुबेलाची लस बहुधा मिळालेली नाही, आणि आज आई होण्याच्या वयात असलेल्या पुष्कळ स्त्रिया याच गटातल्या आहेत. अपवाद आहे तो खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे साधारण पंधराव्या महिन्यात एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र) लस घेतलेल्यांचा.

कार्डावर पुढीलपैकी काय आहे ते पाहा:

- एमएमआर, एमआर किंवा रुबेला असे तारखेसह लिहिलेले असेल, तर ती ग्राह्य नोंद आहे.
- केवळ गोवर किंवा मीझल्स असे लिहिलेले असेल, तर रुबेलाच्या दृष्टीने कार्ड कोरे समजावे.
- ‘शाळेत सगळ्यांना टोचले होते’ ही आठवण आहे, नोंद नव्हे. शाळेत धनुर्वाताचे इंजेक्शनही देत असत.

दुसरा गैरसमज आजाराविषयीचा आहे. ‘लहानपणी गोवर येऊन गेला, आता काय होणार?’ असे वडीलधारी माणसे खात्रीने सांगतात. गोवराचा आणि रुबेलाचा विषाणू निराळा आहे आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. शिवाय अंगावर पुरळ आणणारे आजार अनेक असल्यामुळे ‘रुबेलाच झाला होता’ हे आठवणीवरून ठरवता येत नाही, ते केवळ रक्तातून कळते.

> पडताळणी : अमेरिकेत शिकायला किंवा कायम राहायला गेलेल्या मुलींना विद्यापीठासाठी अथवा ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीसाठी एमएमआरचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे त्या काळातील कागदांत ही नोंद असण्याची शक्यता मोठी आहे. इंग्लंडमध्ये मात्र गरोदर स्त्रियांची रुबेला तपासणी एप्रिल २०१६ पासून बंद झाली आहे. लग्नानंतर तिकडे जाणाऱ्या मुलीने ‘तिथे आपोआप तपासतील’ असे धरून चालू नये.

## २. तपासणी एकच करा : रुबेला आयजीजी

खात्रीची नोंद नसेल, तर दोन रस्ते आहेत. पहिला, रक्तातील रुबेला आयजीजी, म्हणजे लसीनंतर किंवा आजारानंतर शरीरात टिकून राहणारी संरक्षक प्रतिपिंडे, तपासावे. दुसरा, तपासणी न करता थेट लस घ्यावी. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीला लस दिली, तरी तिला कोणताही अपाय होत नाही. त्यामुळे तपासणीची सोय दूर असेल, खर्च परवडत नसेल किंवा वेळ कमी असेल, तर माझ्या मते थेट लस घेणे अधिक शहाणपणाचे आहे. वंध्यत्वावरचे उपचार सुरू असतील, तर मात्र बहुतेक केंद्रे लेखी अहवाल मागतात, म्हणून तिथे तपासणी आधी करावी.

या तपासणीसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही आणि पाळीच्या कोणत्याही दिवशी रक्त देता येते. शक्य असेल तिथे एनएबीएल (प्रयोगशाळांची गुणवत्ता पाहून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी.

> सावधान : चिठ्ठीवर ‘टॉर्च’ असे लिहिले असेल, तर थांबून डॉक्टरांना विचारा. टॉर्च हा टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांच्या तपासण्यांचा गठ्ठा आहे. निरोगी स्त्रीने गर्भधारणेपूर्वी तो संपूर्ण करून घेण्याची गरज नसते. तो महाग असतो आणि त्यातून निघणारे निष्कर्ष घरभर भीती पसरवतात. प्रतिकारशक्ती आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आयजीजी देते. आयजीएम ही तपासणी ताजा संसर्ग झाल्याचा संशय असतानाच उपयोगाची आहे आणि संशय नसताना केली, तर ती खोटी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते.

## ३. अहवाल वाचताना ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला घाबरू नका

या पायरीवर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त मनस्ताप इथेच होतो.

अहवालात एक आकडा असतो आणि शेजारी प्रयोगशाळेची मर्यादा छापलेली असते. अनेक पद्धतींमध्ये प्रति मिलिलिटर १० आंतरराष्ट्रीय एककांपासून पुढे पॉझिटिव्ह धरतात, काही ठिकाणी ही रेषा वेगळी असते. म्हणून इंटरनेटवरच्या आकड्याशी तुलना न करता त्याच कागदावरची मर्यादा पाहावी.

आयजीजी पॉझिटिव्ह : शरीराने हा विषाणू पूर्वी, लसीतून किंवा आजारातून, ओळखलेला आहे आणि संरक्षण तयार आहे. ही आनंदाची बातमी आहे. लसीची गरज नाही, औषधाची तर मुळीच नाही. आकडा १८ असो वा २५०, मर्यादेच्या वर असणे एवढेच महत्त्वाचे आहे. मोठा आकडा म्हणजे मोठा आजार नव्हे.

हे इतके स्पष्ट लिहिण्याचे कारण आहे. एक-दोन गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या हातात ‘टॉर्च पॉझिटिव्ह’ असा शिक्का बसलेला कागद आणि त्यासोबत महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. त्या कागदावर पॉझिटिव्ह होते ते केवळ रुबेलाचे आयजीजी, म्हणजे तिचे स्वतःचे संरक्षण. हे आयजीजी वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण नसते आणि ते ‘कमी करण्यासाठी’ कोणतेही औषध घेण्याची गरज नसते. अशी चिठ्ठी हाती आली, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत जरूर घ्यावे आणि गर्भपाताच्या खऱ्या कारणाचा शोध थांबू देऊ नये.

आयजीजी निगेटिव्ह : संरक्षण नाही. लस घ्यावी. यात घाबरण्यासारखे काहीही नाही. तुम्ही वेळेवर तपासले आहे.

सीमारेषेवरचा अहवाल : पुन्हा पुन्हा रक्त देत बसण्यापेक्षा तो निगेटिव्ह समजून लस घेणे सोपे आणि सुरक्षित आहे.

> पडताळणी : गेल्या काही आठवड्यांत ताप आणि अंगावर पुरळ येऊन गेले असेल, किंवा घरात कोणाला तसे झाले असेल, तर अहवाल स्वतः वाचू नका. अशा वेळी आयजीएम, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आयजीजी, आणि गरज वाटल्यास संसर्ग ताजा की जुना हे सांगणारी अॅव्हिडिटी तपासणी कोणत्या क्रमाने करायची, ते डॉक्टर ठरवतील.

## ४. लसीपूर्वीचे प्रश्न

लस टोचणाऱ्या व्यक्तीने हे प्रश्न विचारले पाहिजेत. गर्दीच्या दवाखान्यात ते राहून जातात, म्हणून उत्तरे आपणच तयार ठेवावीत.

सर्वांत पहिला प्रश्न: आत्ता दिवस गेलेले नाहीत ना? पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत लस घेतली, तर हा प्रश्न बहुधा निकाली निघतो. पाळी अनियमित असेल किंवा या महिन्यात गर्भनिरोधक न वापरता संबंध आले असतील, तर आधी लघवीची चाचणी करावी आणि तरीही शंका उरली, तर पुढच्या पाळीची वाट पाहावी.

दुसरा प्रश्न प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या आजारांचा आणि औषधांचा आहे. कर्करोगावरील उपचार, अवयव प्रत्यारोपण, मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडच्या गोळ्या, संधिवातासाठी घेतली जाणारी काही इंजेक्शने, एचआयव्हीमुळे खूप खालावलेली प्रतिकारशक्ती, यांपैकी काही असेल, तर आपल्या मूळ डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय लस घेऊ नये. थायरॉइड, मधुमेह किंवा रक्तदाब यांमुळे लस थांबवावी लागत नाही. साधी सर्दी हेही थांबण्याचे कारण नव्हे.

तिसरा, गेल्या वर्षभरात रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले आहे का? त्यातील तयार प्रतिपिंडे लसीचा विषाणू निष्प्रभ करू शकतात, म्हणून काय दिले होते त्यानुसार ३ ते ११ महिने थांबावे लागते.

चौथा, दुसऱ्या कोणत्या लसी घ्यायच्या आहेत? कांजिण्यांची लसही जिवंत विषाणूंची आहे. दोन्ही लसी एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडांत घेता येतात. एकाच दिवशी घेतल्या नाहीत, तर त्यांच्यात किमान २८ दिवसांचे अंतर हवे. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांना त्या लसीच्या दोन मात्रा लागतात आणि दुसऱ्या मात्रेनंतरही महिनाभर थांबावे लागते, म्हणून हा विचार लग्नाच्या किंवा उपचाराच्या तारखेआधीच करावा. क्षयासाठीची मांटू चाचणी करायची असेल, तर ती लसीच्या दिवशीच किंवा लसीनंतर किमान चार आठवड्यांनी करावी.

शेवटचा प्रश्न अॅलर्जीचा. पूर्वीच्या मात्रेनंतर, किंवा निओमायसिन (एक प्रतिजैविक) अथवा जिलेटिनमुळे, श्वास अडकण्याइतकी तीव्र अॅलर्जी झाली असेल, तर लस घेऊ नये. अंड्याची अॅलर्जी ही अडचण नाही. बाळाला अंगावर पाजत असाल, तरी लस घेता येते.

## ५. लस घेण्याचा दिवस

सरकारी लसीकरणातील गोवर-रुबेला लस बालकांसाठी आहे, म्हणून प्रौढ स्त्रीला ही लस बहुधा खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. निव्वळ रुबेलाची लस मिळतेच असे नाही आणि तिच्या शोधात महिने घालवू नयेत. एमएमआर किंवा एमआर यांपैकी जी उपलब्ध असेल ती चालते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये या लसी तयार होतात, त्यामुळे महाराष्ट्रात त्या मिळण्यात सहसा अडचण येत नाही. रुबेलासाठी प्रौढ स्त्रीला एक मात्रा पुरते.

इथली मोठी चूक लसीच्या वाहतुकीत होते. औषधाच्या दुकानातून कुपी घ्यायची, पर्समध्ये टाकायची, वाटेत भाजी घ्यायची आणि तासाभराने दवाखान्यात पोहोचायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते आणि ऊन व उष्णता यांनी ती निकामी होते. निकामी लस टोचली, तर त्रास काहीच होत नाही, आणि धोका नेमका तोच आहे: आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहते. म्हणून ज्या दवाखान्यात लस शीतकपाटात ठेवलेली आहे, तिथेच ती घ्यावी. बालरोगतज्ज्ञांकडे ती हमखास असते आणि ते मोठ्यांनाही देतात. बाहेरून आणावीच लागली, तर बर्फाच्या पिशवीसह बंद डब्यात आणावी.

टोचण्यापूर्वी कुपीवरील नाव आणि मुदतीची तारीख स्वतः वाचावी. पावडर सोबतच्याच द्रावणात तुमच्यासमोर विरघळवली जावी. अर्धा मिलिलिटर लस दंडाच्या वरच्या भागात त्वचेखाली देतात. त्यानंतर अर्धा तास दवाखान्यात बसून राहावे.

> पडताळणी : निघण्यापूर्वी तारीख, लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि डॉक्टरांची सही, या चार गोष्टी कागदावर घ्या आणि लगेच फोनवर त्याचा फोटो काढा.

## ६. पुढचे २८ दिवस

लसीनंतर किमान २८ दिवस गर्भ राहू द्यायचा नाही. जुन्या सवयीने काही डॉक्टर तीन महिने सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी तसे सांगितले, तर कारण विचारावे. विशेषतः वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर दोन महिने वाया घालवणे बरोबर नाही.

‘एक पाळी येऊ द्या’ हा हिशेब फसतो. समजा, पाळीच्या तिसऱ्या दिवशी, ३ जून रोजी लस घेतली. २८ दिवस १ जुलै रोजी पूर्ण होतात. ज्या चक्रात लस घेतली ते संपूर्ण चक्र गर्भनिरोधक वापरावे आणि मधली पाळी येऊन गेली, तरी १ जुलैपर्यंत ते सोडू नये. ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याच्या भरवशावर राहू नये. निरोध किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वापराव्यात. वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्यांनी पुढचे चक्र सुरू करण्यापूर्वी ही तारीख केंद्राला लेखी कळवावी.

या काळात काय जाणवू शकते? आठवडा-दीड आठवड्यानंतर हलका ताप, थोडे पुरळ, मानेच्या गाठी दुखणे. प्रौढ स्त्रियांमध्ये बोटांचे, मनगटांचे किंवा गुडघ्यांचे सांधे एक ते तीन आठवड्यांच्या दरम्यान दुखतात. हे सुमारे चौघींपैकी एकीला होते आणि काही दिवसांत थांबते. पॅरासिटामोल पुरते. त्याला चिकुनगुनिया समजून घाईने तपासण्या करू नयेत, मात्र डॉक्टरांना लसीची तारीख सांगावी.

हाच महिना फॉलिक अॅसिड सुरू करण्यासाठी उत्तम आहे: रोज ४०० मायक्रोग्रॅम.

## ७. लसीनंतरची तपासणी, आणि कधी थांबायचे

एका मात्रेनंतर १०० पैकी ९५ किंवा त्याहून अधिक जणांमध्ये संरक्षण तयार होते, त्यामुळे पुन्हा तपासणी करणे सर्वांसाठी आवश्यक नाही. खात्री हवीच असेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी आयजीजी करावे. दहाव्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह येते आणि लस वाया गेल्याचा समज होतो. आयजीएम तर करूच नये: लसीमुळे ते काही आठवडे किंवा महिने पॉझिटिव्ह राहू शकते आणि त्याच काळात दिवस गेले, तर विनाकारण गर्भपाताच्या चर्चा सुरू होतात.

दोन मात्रांची लेखी नोंद असूनही आयजीजी निगेटिव्ह आले, तर आणखी एक मात्रा घ्यावी आणि तिथे थांबावे. त्यानंतर पुन्हा पुन्हा रक्त तपासून काही हाती लागत नाही.

## क्रम आधीच चुकला असेल तर

लस घेतली आणि नंतर कळले की दिवस गेले होते. या कारणासाठी गर्भपात करू नये. नकळत लस घेतलेल्या गरोदर स्त्रियांच्या आजवरच्या नोंदींत लसीमुळे बाळाला जन्मजात रुबेला झाल्याचे आढळलेले नाही. थांबण्याचा नियम केवळ खबरदारीसाठी आहे. डॉक्टरांना तारीख सांगावी आणि नेहमीच्या सोनोग्राफी वेळेवर कराव्यात.

दिवस गेले आहेत आणि आयजीजी निगेटिव्ह आहे. आता लस नाही. ताप आणि पुरळ असलेल्या कोणाच्याही जवळ जाऊ नये. रुबेलाचा रुग्ण पुरळ येण्यापूर्वी सात दिवस आणि नंतर सात दिवस संसर्ग पसरवतो, म्हणून पुरळ दिसण्याआधीची भेटही मोजावी. असा संपर्क झाला, तर ‘काही होतेय का पाहू’ म्हणून न थांबता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. शाळेत, पाळणाघरात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रियांनी याची विशेष दक्षता घ्यावी. नवरा, दीर, नणंद, घरातली मुले, यांच्या लसी मात्र लगेच पूर्ण कराव्यात. लस घेतलेल्या मुलापासून गरोदर आईला तो विषाणू लागत नाही, त्यामुळे ‘घरात गरोदर बाई आहे’ म्हणून मोठ्या मुलाची मात्रा पुढे ढकलणे चुकीचे आहे.

बाळंतपणानंतर. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच लस मागून घ्यावी; सव्वा महिन्याने येऊ असे म्हणून बहुतेक जणी येत नाहीत. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यामुळे अँटी-डी इंजेक्शन मिळाले असेल, तरीही लस देता येते, मात्र तीन महिन्यांनी आयजीजी तपासून ती लागू पडली का हे पाहावे. त्या लसीची चिठ्ठी बाळाच्या लसीकरण कार्डातच टाचून ठेवावी. ते कार्ड पुढची अनेक वर्षे घरात जपले जाते, आणि दुसऱ्या खेपेच्या वेळी हीच चिठ्ठी पहिल्या पायरीवर मागितली जाईल.